गोधडी शिवायला काढली आहे

गोधडीबद्दल आजवर जे लिहिलं गेलंय ते बहुतेक तिच्यात झोपणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. म्हणून त्यात ऊब फार. आजीच्या लुगड्याचा वास, मायेचे टाके, आठवणींची ठिगळं, असा सगळा ऐवज एकदा मांडला की लेखक कूस बदलून पुन्हा झोपतो. शिवणाऱ्या बाईला यातलं काही जाणवत नाही. तिला जाणवतो तो घाम. कारण गोधडी शिवतात चैत्र-वैशाखात, आणि भर उन्हाळ्यात सहा-सात पदरी कापड मांडीवर ओढून बसलं की ऊब ही काय त्रासाची वस्तू आहे ते कळतं.

उन्हाळ्यातच का, तर सुगी आटोपलेली असते, पेरणी लांब असते, बायकांचे हात त्यातल्या त्यात मोकळे असतात. धुतलेलं कापड कडक उन्हात टाकता येतं आणि पाऊस लागायच्या आत अंथरूण-पांघरूण तयार होतं. आमच्या पुण्यातल्या फ्लॅटला सुगी नाही की पेरणी नाही. पण सासूबाई मूळच्या तासगावकडच्या. गुढी उतरली की त्यांची नजर कपाटांवर फिरायला लागते. त्यांच्याकडे वाकळ म्हणतात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी सुई माझ्या हातात दिली आणि स्वतःकडे फक्त देखरेख ठेवली. ही वाटणी मला मान्य आहे का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

लोकांना वाटतं गोधडीला सुई-दोरा लागतो. तो कोपऱ्यावरच्या कटलरीच्या दुकानात मिळतो. गोधडीला लागतात जुने कपडे, आणि ते घरातल्या माणसांच्या ताब्यात असतात.

मामंजींनी धोतर सोडून पायजमा धरला त्याला काळ लोटला. तरी त्यांच्या कप्प्यात धोतरं आहेत, अगदी मऊसूत, गोधडीच्या पोटात घालायला याहून चांगलं कापड पृथ्वीवर नाही. मागायला गेलं की म्हणतात, "असू दे, वारीला जायचं मनात आहे." वारीला जायचं त्यांच्या मनात मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आहे. नवऱ्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगचा टी-शर्ट आहे, पाठीवर 'आयोजन समिती' लिहिलेला. आज त्यात शिरायचं तर त्याला निम्मं अंग घरी ठेवून बाहेर पडावं लागेल. पण हात लावू देत नाही. मुलगा जीन्स देतो. त्याच्या जीन्सला गुडघ्यावर विकत घेतानाच भोकं होती, त्यामुळे ती जुनी झाली हे ठरवायचं कसं हा प्रश्न आहेच. शिवाय त्या कापडातून सुई घालायची तर हातोडी घेऊन बसावं लागेल. मुलगी मात्र उदार. "घे गं आई, सगळं घे," म्हणून ती ढीग आणून टाकते आणि त्या ढिगात एकही कपडा सुती निघत नाही.

इथे जरा गंभीर बोलायला हवं. नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या तेव्हा घरोघरच्या बायका खूश झाल्या, आणि त्यात चूक काही नव्हतं. झटकन वाळते, इस्त्री नको, फाटत नाही. ती फाटत नाही हीच गोधडीच्या दृष्टीनं अडचण. सुती लुगडं धुवून धुवून झिजतं, विरतं, मऊ पडतं आणि एके दिवशी गोधडीत जायला योग्य होतं. पॉलिएस्टरची साडी वीस वर्षांनीही तितकीच गुळगुळीत आणि तितकीच गरम. घाम टिपत नाही. एकावर एक घातली तर थर घसरतात, सुईखालून निसटतात, आणि सकाळी सरळ लावलेली घडी दुपारी शेजारच्या खोलीकडे निघालेली दिसते. अशा साडीचं दुसरं काहीही करा. खिडकीला पडदा करा.

राहिली सासूबाईंची ट्रंक. देखरेख करणाऱ्या व्यक्तीनं कच्च्या मालात काही वाटा उचलावा अशी माझी भाबडी समजूत होती. ट्रंक उघडते. आत सगळं सुती. इरकली लुगडी, चंद्रकळा, इचलकरंजीची पातळं. एकेक हातात घ्यायचं आणि त्याचं चरित्र ऐकायचं.

"ते नगं. ते माझ्या आईनं डोहाळजेवणाला नेसवलेलं."

"हे?"

"ते थोरल्याच्या मुंजीतलं." आमच्यात मुंजी होत नाहीत. पण ट्रंकेपुढे बसल्यावर इतिहासाला आव्हान द्यायचं नसतं.

"मग हे तरी? हे तर विरलंय पार."

"विरलंय म्हणून टाकायचं? मी बी विरलेच की."

पुढे काही बोलायची सोय राहत नाही. ट्रंक बंद होते. मग त्या शांतपणे सुचवतात, "तुजी ती नारायणपेट आता पुरं झाली की गं." माझी नारायणपेट मी पाडव्याला आणि दसऱ्याला नेसते. यंदाच्या गोधडीचा वरचा भाग नारायणपेटचा आहे, हे सांगायला मला वेगळा परिच्छेद नको.

जुन्या कपड्यांवर पूर्वी आणखी एक डोळा असे, बोहारणीचा. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दारात बसली की घरातल्या घरात दोन पक्ष पडत. एका पक्षाला पातेलं हवं असे, दुसऱ्याला वाकळ. साडी उन्हात धरून, विरलेली जागा बोटानं शोधून, "ताई, हिच्यात काय राह्यलंय," म्हणत ती अशी घासाघीस करी की आपण नेसलेल्या साडीचीही लाज वाटावी. आता सोसायटीचा वॉचमन तिला फाटकातच अडवतो. कपडे वाचले, पण ते गोधडीकडेही आले नाहीत. कपाटात गच्च भरून बसले आहेत.

कापड जमलं की ते पसरायला जागा हवी. गोधडी उभ्या-उभ्या लावता येत नाही, टेबलावर मावत नाही. चार फूट बाय सहा फूट सपाट जमीन, आणि चारी बाजूंनी माणसाला फिरायला वाट. गावाकडच्या सोप्यात हे सहज जमायचं. फ्लॅटच्या हॉलमध्ये आधी सोफा गॅलरीच्या दाराला टेकतो, मग टीपॉय स्वयंपाकघरात जातो, मग नवरा "ऑफिसचा कॉल आहे" म्हणत बेडरूममध्ये जातो. खाली एक थर, त्यावर विरलेले तुकडे सारखे करून मधले थर, वरून चांगलं कापड. कोपऱ्यांवर वजन म्हणून वरवंटा, खलबत्ता, तांदळाचा डबा आणि मुलाचं भौतिकशास्त्राचं गाइड, जे या घरात प्रथमच कामाला आलं. सुरकुती दिसली की हातानं निपटून कडेपर्यंत न्यायची. मग लांब लांब कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरवायचे. हे टाके पडेपर्यंत कुणीही त्यावर पाय देऊ नये, एवढीच अपेक्षा.

पण पसरलेल्या गोधडीत काहीतरी आहे. तिच्याशेजारून माणूस सरळ जाऊच शकत नाही. आधी तो थांबतो, मग "वा" म्हणतो, मग हात फिरवतो, आणि मग आडवा होतो. मुलगा शाळेतून आला, आडवा झाला. नवरा कॉल संपवून आला, तोही. मेंटेनन्सचे पैसे मागायला आलेले सोसायटीचे खजिनदार निदान बसले फक्त, पण त्यांच्याही चेहऱ्यावर मोह स्पष्ट दिसत होता. सासूबाई दिवाणावरून ओरडतात, "आरं, अजून शिवली न्हाई तर मोडाय निघालाय!" आणि मामंजी या गडबडीत आपलं एखादं धोतर तर आत गेलं नाही ना, हे कोपरा उचलून बघतात.

आता टाके. इथे आमच्या घरात दोन घराणी आहेत. सासूबाईंचं म्हणणं, कडेनं सुरुवात करायची आणि चौकोनात चौकोन घालत मध्यात येऊन थांबायचं. माझ्या माहेरी सरळ ओळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्हीत खोड आहे. सरळ ओळीत गोधडी हळूहळू एका अंगाला ओढली जाते आणि शेवटी चौकोन तिरका होतो. कडेनं आत जाताना प्रत्येक फेरीत थोडं-थोडं कापड पुढे ढकललं जातं आणि सगळी ढकललेली भानगड मध्यभागी फुगा होऊन उभी राहते. शिवाय प्रत्येक कोपऱ्यावर एकतर आपण फिरायचं, नाहीतर गोधडी फिरवायची. गोधडी फिरवली की तिच्याबरोबर रिमोट, चष्मा, चहाचा कप आणि जवळपासची सगळी स्थावर-जंगम मालमत्ता फिरते.

या वादात तिसरं मत पडलं ते समोरच्या काकूंचं. त्या धारवाडच्या. त्यांच्याकडे कौदी. त्यांनी सांगितलं की हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी करतात, त्याही कडेनं आत जातात, आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात. ती फुलं नसली तर कवंदी नागडी समजतात. माहिती म्हणून सांगितलेली ही गोष्ट सासूबाईंनी मनाला लावून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या गोधडीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आपली काय नागडी ऱ्हाणाराय व्हय?" तेव्हा कोपऱ्यांना फुलं आली आहेत, आणि माझ्या कामात चार कोपऱ्यांची भर.

नवऱ्याला हिशेबाची आवड. एका रविवारी त्यानं गोधडी टेपनं मोजली. रुंदी चार फूट, लांबी सहा, टाक्यांच्या ओळी एक-एक इंचावर. म्हणजे 48 ओळी, प्रत्येक ओळ सहा फुटांची. एकूण शिवण 288 फूट, सुमारे 88 मीटर. इंचाला दोन टाके धरले तरी जवळजवळ सात हजार टाके. मग त्यानं मला किती वेळ लागतो ते विचारलं आणि बाजारात हातशिवणीच्या गोधडीला काय मिळतं ते पाहून माझा ताशी दर काढला. उत्तर इतकं कमी आलं की तो उठून आपणहून चहा करायला गेला. सासूबाईंना हा हिशेब सांगितला तर त्यांना वेगळाच धक्का बसला. "इंचावर टाकतीस? आमी बोटाच्या पेरावर टाकत होतो." 

सुईची म्हणून एक वेगळी व्यवस्था लावावी लागते. चाळिशी उलटलेल्या माणसाला सुईत दोरा ओवता येत नाही, हे निसर्गाचं आहे. म्हणून सकाळी शाळेची बस यायच्या आत मुलाकडून सुया ओवून घेऊन ठेवायच्या. पूर्वी तो हे प्रेमानं करायचा. आता प्रत्येक सुईमागे मोबाइलची काही मिनिटं मागतो. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंततो. त्यावरून मेणबत्ती फिरवायची म्हणजे तो कापडातून सरकतो. मधल्या बोटाला अंगुस्तान, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटाची चाळण. आणि सुई हरवली की घर थांबतं. कुणी जागचं हलायचं नाही, कुणी अनवाणी यायचं नाही, फ्रिजवरचा महाबळेश्वरहून आणलेला स्ट्रॉबेरीचा लोहचुंबक काढून फरशीवरून फिरवायचा. सुई बहुधा बाईच्या स्वतःच्या पदरालाच अडकलेली असते. दुसरी शेजारून मागून आणावी तर तिन्हीसांजेला सुई द्यायची-घ्यायची नसते. धारवाडच्या काकूंकडेही हाच नियम आहे, त्यामुळे या एका बाबतीत सीमाप्रश्न नाही.

"मशीनवर का टाकत नाहीस?" हा प्रश्न येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. घरातलं मशीन इतके थर दाबाखाली घेत नाही. घेतले तर सुईचा टोकाकडचा अर्धा भाग गोधडीतच राहतो. बाहेर 'गोधडी शिवून मिळेल' अशा पाट्या आहेत. आता टेम्पोवर मशीन बांधून गावोगाव फिरणारेही आहेत. तुम्ही साड्या द्यायच्या आणि भाजी निवडून होईस्तोवर गोधडी घ्यायची. वाईट असते असं मी म्हणणार नाही. थंडीला टाका हातचा की मशीनचा हे कळत नाही. पण मशीनचा टाका घट्ट बसतो, गोधडी ताठ राहते. हातचा धावदोरा सैल असतो, म्हणून ती अंगाबरोबर वळते. एवढा फरक मला पटतो. बाकी मायेबियेचं मला माहीत नाही. माझ्या निम्म्या ओळी वीज मंडळाला शिव्या देत घातलेल्या आहेत.

खरी अडचण अशी आहे की एकटीनं गोधडी शिवणं हा फ्लॅटमधला प्रकार. सासूबाईंच्या गावी वाकळ पसरली की गल्लीतल्या बायका आपापली सुई घेऊन यायच्या. चौघी चार बाजूंनी बसायच्या. कुणाची सून कशी, कुणाच्या रानात पाण्यावरून काय झालं, एवढं बोलून होईतो दोन-दोन विती काम पुढे. कामाला कुणी काम म्हणायचं नाही, आणि ज्याच्या त्याच्या वाकळेला ज्यानं त्यानं जाऊन फेड करायची. मीही एकदा बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावून पाहिलं. चौघी आल्या, हौसेनं बसल्या. एकीनं फोटो काढले, एकीनं व्हिडिओ केला, एकीला पाठीचा त्रास. टाके घातले ते धारवाडच्या काकूंनी, आणि ते कौदीचे.

त्या मानानं बाळाचं दुपटं बरं. ते लहान असतं आणि त्याला तारीख असते. बाळ कुणासाठी थांबत नाही, बारशाच्या आत दुपटं हवं म्हणजे हवं. शिवाय नव्या जिवाला पहिल्यांदा जुनंच कापड घालायची आपली रीत, कारण नव्या कापडाची खळ कोवळ्या कातडीला टोचते. त्यामुळे भाचीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मामंजींनी स्वतः उठून एक धोतर काढून दिलं. वारी एका धोतरानं लांबली. ते दुपटं वेळेत झालं, न्यू जर्सीला गेलं, आणि तेव्हापासून भाचीला आता मोठी गोधडी हवी आहे. विमानात 23 किलोची बॅग, त्यात भाजणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला आणि बेसनाचे लाडू. गोधडी दोन-अडीच किलोची. तिच्या आईनं तराजू समोर ठेवून विचार केला आणि गोधडीला यंदा जागा नसल्याचं जाहीर केलं. लाडूंना होती.

मोठ्या गोधडीला तारीख नसते, म्हणून ती संपत नाही. आमच्याकडे ती 'शिवायला काढलेली' असते. शेवटच्या हातभर जागेपाशी येऊन ती गुंडाळून दिवाणात जाते आणि पुढच्या उन्हाळ्यात बाहेर येते. मला यात आळस दिसत नाही, शहाणपण दिसतं. अपुरी गोधडी शिवणाऱ्या बाईची असते. पुरी झाली की ती घराची होते, आणि घरात तिच्यावर किती जणांचा दावा आहे हे त्याच दिवशी कळतं. सासूबाई म्हणणार पाहुण्यांसाठी ठेव. नवरा म्हणणार एसीत मलाच गार लागतं. मुलगी ती बेंगळुरूच्या हॉस्टेलवर नेणार, कारण तिथल्या मैत्रिणींना हे फार भारी वाटतं. अंगावर चिंध्यांचं वस्त्र घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत. आता तेच वस्त्र जाकीट म्हणून मॉलमध्ये हॅंगरला लागतं आणि त्याची किंमत पाहून मामंजी पाणी मागतात.

आणि पुरी झालेली गोधडी धुवावी लागते. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं हा नेम सासूबाईंनी पुण्यातही सोडलेला नाही. गावी त्या दिवसांत नदीचा काठ गोधड्यांनी भरून जातो. इथे वॉशिंग मशीन आहे, आणि ओली गोधडी आत गेली की ते मशीन जागा सोडून बाथरूमच्या दारापर्यंत चालत येतं. म्हणून बादली, पायानं तुडवणं, आणि पिळायला दोन माणसं. पिळताना नवरा एका दिशेनं पीळ देतो आणि मी दुसऱ्या; मग आम्ही दोघं एकाच दिशेनं देतो, ज्यानं गोधडीला काहीच होत नाही. गॅलरीत टाकली की खालच्या मजल्यावर पाणी, गच्चीत टाकली की सेक्रेटरींची परवानगी.

यंदा मात्र ती झाली. कोपऱ्याच्या फुलांसकट झाली, मध्यात थोडा फुगा आहे, तो नारायणपेटच्या काठाखाली झाकला आहे. सासूबाईंनी उलटसुलट करून पाहिली, टाके नखानं ओढून पाहिले आणि "चालंल" म्हणाल्या. तासगावकडे यापेक्षा मोठी पदवी देत नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी पुढच्या पाडव्याचा विषय काढला.

तेव्हा वाचकांना विनंती. घरात एखादं सुती लुगडं, धोतर किंवा धुवून मऊ पडलेली चादर असेल, आणि तिचं चरित्र सांगणारं कुणी जवळपास नसेल, तर आमच्याकडे पोचवा. नायलॉन आणू नये. बदल्यात भांडं मिळणार नाही.